शिर्डीची खोली आणि आधीच केलेली खूण

गुरुवार गाठून शिर्डीला जायचं म्हणून आपण मोबाईलवर खोली शोधतो. समोर साईंचा फोटो, ‘भक्तनिवास’ हे नाव, खाली पैसे भरायचं बटण. इथे जरा थांबावं. साईबाबा संस्थानाचा कारभार 2004च्या राज्य कायद्याने चालतो आणि द्वारावती, साई आश्रम अशा निवासांचं बुकिंग संस्थानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होतं. दुसऱ्या कुणी तेच नाव, तेच बोधचिन्ह लावून आपणच संस्थान असल्याचं भासवलं, तर ती फसवणूक आहेच. शिवाय व्यापारचिन्हाच्या कायद्याखालीही त्याला कोर्टात खेचता येतं.

सरळमार्गी प्रवासी कंपन्यांवरही बंधनं आहेत. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर हवा. तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो एका छोट्या चौकटीचा नियम. प्रवास विम्यासारख्या जादा खरेदीपुढे बरोबरची खूण आधीच करून ठेवायला मनाई आहे. आजी-आजोबांचं बुकिंग करताना ती चौकट नीट बघाच. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. ऑनलाइन पैसेच लुबाडले गेले तर क्षणही न दवडता 1930.