तिखटाच्या पाकिटावरचा चौकोन

भिवापूरची मिरची म्हणजे विदर्भाची शान! तिला जीआय मानांकनही आहे. पण बाजारात कुठलीही लाल मिरची ‘भिवापुरी’ म्हणून खपते. म्हटलं, काकांच्या तिखटाच्या पाकिटावर क्यूआर कोड टाकू. स्कॅन केला की शेत, तोडणीची तारीख, सगळं मोबाइलवर हजर!

काम एकदम सोप्पं. क्यूआरकोड डॉट जेएस ही इवलीशी जावास्क्रिप्ट लायब्ररी पानात जोडायची, तिला लिंक द्यायची. चौकोन ब्राउझरमध्येच तयार. मी जाम खूश!

छापून आलेलं पहिलं पाकीट काकांनी मोबाइलसमोर धरलं. ‘काहून बे, चालून नाही राहिलं हे!’

चूक माझीच. गडद लाल पाकिटावर काळा कोड, तोही कडेला चिकटून. 1994 मध्ये जपानच्या मासाहिरो हारांनी गाड्यांच्या सुट्या भागांसाठी बनवलेल्या या कोडाला दोनच गोष्टी हव्यात : गडद-फिकट फरक आणि भोवती चार ठिपक्यांएवढी मोकळी जागा. ‘एच’ पातळीवर साधारण 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो; पण फरकच दिसला नाही, तर वाचणार काय?

आता पांढऱ्या पट्टीवर काळा कोड, लिंक छोटी. मस्त चालतो! तरी काका म्हणालेच, ‘हाच चौकोन दुसऱ्यानं छापला तं?’

खरंय. म्हणून प्रत्येक पाकिटाला वेगळा नंबर दिला. एकच नंबर चार गावांत स्कॅन झाला, की समजायचं, दाल में काला. बाकी खात्री? ती जिभेवर!