तात्पुरत्या मुक्कामातलं व्हिएन्ना

व्हिएन्नाला गेले तेव्हा परतीचा महिना ठरलेला होता. कामाचा करार, फर्निचरसकट भाड्याची खोली, पुण्यात वाट पाहणारं घर. अशा माणसाला शहर आपलंसं करण्याची तशी गरज नसते. तरीही त्या दोनेक वर्षांकडे आज पाहताना जाणवतं की माझा जीव तिथे जडला, आणि तो राजवाड्यांत किंवा मोझार्टच्या संगीतात नव्हे, तर पाण्यात, नदीकाठी आणि ट्राममध्ये.

पहिला हिवाळा जड गेला. नोव्हेंबरात संध्याकाळ होण्याआधीच अंधारायचं, रविवारी दुकानं बंद आणि वर्गात शिकलेली जर्मन तिथल्या बोलीपुढे टिकायची नाही. त्या दिवसांत कॉफीघरांनी मला सांभाळलं. एका कपावर दुपारभर बसलं तरी कुणी बिल आणून ठेवत नाही. कॉफीबरोबर तबकात पाण्याचा पेला येतो. ते साधं नळाचं पाणी, पण थेट डोंगरातलं.

त्या पेल्यापासून मला या शहराचा इतिहास कळत गेला. एकोणिसाव्या शतकात दूषित विहिरींमुळे इथे कॉलरा आणि विषमज्वर पसरत. एडुआर्ड स्यूस या भूशास्त्रज्ञाने डोंगरातले झरे शहरात आणण्याचा ध्यास घेतला. 1873 मध्ये श्नेबेर्ग आणि राक्सच्या परिसरातलं पाणी केवळ उताराच्या जोरावर व्हिएन्नात पोचलं. 1910 मध्ये दुसरी वाहिनी आली. आपल्या गोंडवनाचं नाव प्राचीन महाखंडाला देऊन ‘गोंडवनलँड’ जगाच्या भूशास्त्रात रुजवणारा स्यूस तो हाच. उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात टँकरची वाट पाहत वाढलेल्या मला नळाखाली पेला धरताना त्याची आठवण व्हायची.

वसंतात डॅन्यूबकाठी जाऊ लागले. पुरापासून शहर वाचवायला 1972 ते 1988 या काळात नदीशेजारी नवा प्रवाह खोदला आणि निघालेल्या मातीचं 21 किलोमीटर लांबीचं बेट केलं. 1961 च्या पानशेतच्या पुराच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले, त्यामुळे या कामाची थोरवी कुणी समजावून सांगावी लागली नाही. पूरनियंत्रणाच्या त्या बेटावर उन्हाळ्यात सारं गाव पोहायला, सायकली फिरवायला येतं. तिकीट नाही, फाटक नाही. तुर्की कुटुंबांच्या शेगड्यांचा धूर, सर्बियन गाणी आणि आम्ही चौघीजणी कांदेपोह्यांचे डबे उघडून बसलेल्या. तिथे मी पाहुणी नव्हते.

मग शहराची ही रीत सगळीकडे दिसू लागली. 2012 पासून अनेक वर्षं ट्राम, बस आणि मेट्रोचा वार्षिक पास 365 युरोंना, म्हणजे दिवसाला एक युरो पडत असे. ऑपेरागृहात उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी स्वस्त जागा आहेत. 1927 ते 1930 दरम्यान नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेल्या, किलोमीटरभर लांबीच्या कार्ल मार्क्स होफमध्ये घरांसोबत बालवाड्या, धुलाईघरं आणि वाचनालयही होतं. उत्तम गोष्टी साऱ्यांच्या वाट्याला याव्यात, हा आग्रह या शहराच्या रचनेतच आहे.

पण याच शहराने 1938 नंतर आपल्याच ज्यू शेजाऱ्यांना घरांतून, शाळांतून, बागेतल्या बाकांवरूनही हाकललं. यूडेनप्लाट्झ या चौकातलं काँक्रीटचं स्मारक नाझींनी मारलेल्या 65,000 ऑस्ट्रियन ज्यूंचं आहे. त्यासमोर उभं राहिल्यावर कळतं की शहर सर्वांचं असणं ही कायमची कमाई नसते. प्रत्येक पिढीला ते पुन्हा राखावं लागतं. हे कळल्यावर व्हिएन्नाबद्दलची माझी माया उणावली नाही, पण तिला जबाबदारीची जाण आली.

मला तिथे ना मताचा अधिकार होता, ना मालकीचं घर. तरीही पाणी, नदीकाठ आणि ट्राम यांनी मी किती दिवस राहणार हे कधी विचारलं नाही. शहराचा मोठेपणा मी आता यावरूनच जोखते: हक्क सांगता न येणाऱ्या माणसाच्या वाट्याला तिथे काय येतं? तुम्हीही थोड्या काळासाठी परक्या गावी जाणार असाल, तर प्रेक्षणीय स्थळांची यादी जरा बाजूला ठेवा आणि तिथल्या नळाचं पाणी कुठून येतं, ते कुणी आणलं, हे आधी विचारा. आणि परत आल्यावर हाच प्रश्न आपल्या गावालाही विचारा.