मुक्कामाचे शिबिर

मार्च महिना सरत आला, की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर पालटतो. पाककृती, व्रतवैकल्ये आणि उपवर मुलामुलींची टिपणे मागे पडतात, आणि बहुतेक पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आढळतो: सुट्टीत मुलांचे काय करावे? इंदुरातील गृहिणी तो विचारतात, वडोदऱ्याचे आजोबा विचारतात, हैदराबादेतील नोकरी करणाऱ्या माताही विचारतात. अलीकडे त्याला एक पोटप्रश्न जोडला जातो, आणि खरा नाजूक आहे तो हाच. शिबिराला घालावे असे मनात आहे. परंतु रात्री मुक्कामाला पाठवावे की नाही? प्रश्न दहा-अकरा वर्षांच्या मुलीविषयी असला, की पत्रातील अक्षरही थोडे कापरे झाल्यासारखे वाटते.

आमचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन टाकतो. पाठवावे. मात्र कोठे, कोणाच्या हाती आणि कोणत्या तयारीनिशी, हे पाहिल्यावाचून पाठवू नये.

दिवसाच्या शिबिरांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. आपल्या गावातील महाराष्ट्र मंडळे, ग्रंथालये, व्यायामशाळा आणि महिला मंडळे ती वर्षानुवर्षे भरवीत आली आहेत. सकाळी आठ ते अकरा चित्रकला, हस्ताक्षर, स्तोत्रपठण, पोहणे. अखेरच्या दिवशी एखादी नाटुकली आणि पेढ्यांचा खोका. मुंबईत सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणल्यापासून बालनाट्याने जो जोर धरला, त्याचा या उन्हाळी वर्गांस मोठा उपयोग झाला. सातआठ वर्षांपर्यंतच्या मुलांना इतके पुरे आहे. परंतु असे मूल दुपारी घरी येते. आपल्या ताटावर जेवते, आपल्या पंख्याखाली निजते, आणि हल्ली आईचा मोबाईल हाती घेऊन बसते. त्याच्या दिनक्रमाला कोठेही धक्का लागत नाही. मुक्कामाच्या शिबिरात पहिल्या रात्रीच तो लागतो.

असा धक्का पूर्वीच्या मुलांना बसत नव्हता असे नाही. माळव्यातील, गुजरातेतील वा निजामशाहीतील मराठी कुटुंबांत वैशाख लागला, की ट्रंका बाहेर निघत आणि मुले आजोळी रवाना होत. तेथे गच्चीवर वा अंगणात दहाबारा मावस-मामे भावंडांची एकच लांबलचक पथारी पडे. विहिरीवर पोहणे, आंब्याची अढी लावणे, एकमेकांचे कपडे घालणे, भांडणे आणि झोपेच्या आधी गट्टी करणे, हे सारे त्या महिन्यात होऊन जाई. त्याला कोणी शिबिर म्हटले नाही एवढेच. आज बहुतेक घरांत एक किंवा दोन मुले आहेत; मामा बंगळुरास वा न्यू जर्सीस आहे; निरनिराळ्या राज्यांतील शाळांच्या सुट्ट्यांच्या तारखाही एकमेकींशी जुळत नाहीत. आजोळाचा तो महिना आठवड्यावर आला आणि पुष्कळ घरांतून नाहीसाही झाला. त्याची जागा शिबिर पूर्णपणे भरून काढील असा दावा आम्ही करणार नाही. आजीच्या हातची मऊ गुरगुट्या भाताची थाळी कोणतीही संस्था देऊ शकत नाही. परंतु भावंडांची ती पथारी शिबिर देऊ शकते.

मुलांना घरापासून दूर, तंबूत नेऊन ठेवण्याची कल्पना मूळची आपली नव्हे. अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानात फ्रेडरिक गन नावाचे एक शाळाचालक होते. १८६१ च्या उन्हाळ्यात तेथे यादवी युद्ध पेटलेले असताना शाळेतील मुलांना सैनिकांसारखे उघड्यावर राहण्याची हौस आली. गन आणि त्यांच्या पत्नी यांनी ती मोडून न काढता मुलांना सुमारे ४० मैल चालवीत समुद्रकिनारी नेले आणि तंबू ठोकून तेथे त्यांच्यासह मुक्काम केला. अमेरिकेतील उन्हाळी शिबिरांचा आरंभ बहुधा येथून मोजतात. पुढे इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेल यांनी १ ते ८ ऑगस्ट १९०७ या काळात ब्राउन्सी बेटावर विसाच्या आसपास मुले जमवून आपला प्रसिद्ध प्रयोग केला. त्यात श्रीमंतांच्या शाळांतील मुले होती आणि कामकरी घरांतीलही होती. लांडगे, बैल, कावळे आणि कुरल पक्षी अशा नावांच्या चार तुकड्या पाडून त्यांना सरमिसळ ठेवले होते. पदव्या आणि पोशाख मागे पडले आणि तुकडी तेवढी उरली; पुढच्या साऱ्या बालवीर चळवळीचे बीज यातच आहे.

हिंदुस्थानात ही चळवळ आली तेव्हा आरंभी हिंदी मुलांना तिचे दार बंद होते. म्हणून अॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी इत्यादिकांनी देशी संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सातपुड्यातील पचमढी येथे आहे. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच अशा त्या गावी मे महिन्यातही रात्री चादर लागते. इंदूर, उज्जैन, जबलपूर येथील कित्येक मराठी घरांत पचमढीचा एखादा जुना, कडा मुडपलेला सामुदायिक फोटो भिंतीवर अजूनही आढळेल.

आपल्या लोकांनी या कल्पनेत स्वतःची भरही घातली आहे. वडोदऱ्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकरावांनी सांघिक व्यायामाला देशी भाषेतील आज्ञा दिल्या आणि इंग्रजी शब्दांवाचून शेकडो मुले एका ठेक्यात हालविता येतात हे दाखवून दिले. अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या उन्हाळी वर्गांस निरनिराळ्या प्रांतांतून तरुण येत. मल्लखांब, लेझीम, लाठी शिकत आणि आपापल्या गावी जाऊन ती शिकवीत. १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत खेळाला गाणे, श्रमदान आणि सहभोजन यांची जोड मिळाली. थोरल्या मुलांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी आहे. मे महिन्याच्या ऐन तापात कुदळ-फावडे हाती घेण्यासाठी तरुण तेथे आपण होऊन जातात.

आता आमच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती महाराष्ट्रातील पालकांच्या ध्यानी येणे कठीण. परंतु आपणां बाहेरच्यांना ती चटकन पटेल. आपले मूल मराठी कोणाशी बोलते? आजीशी, आजोबांशी, आईशी, गणपतीला आलेल्या काकूंशी. म्हणजे सदैव आपल्याहून मोठ्यांशी. भांडण, थट्टा, गुपिते, पैजा, टोपणनावे हे सारे ते हिंदीत, गुजरातीत, तेलुगूत वा कानडीत करते. परिणामी मराठी ही त्याच्या लेखी नमस्कार करण्याची, पाणी आणून देण्याची आणि ‘हो, करतो’ म्हणण्याची भाषा होऊन बसते. ती त्याला येत नाही असे नाही. ती त्याला बरोबरीच्या नात्याने कधी भेटलेलीच नसते. बालवर्गातील पाठांतराने ही उणीव भरून निघत नाही, कारण तेथेही समोर बाईच असतात.

मुक्कामाच्या मराठी शिबिरात, रात्री दिवा मालविल्यानंतर, ही भाषा प्रथमच मोठ्यांच्या कानांपासून दूर जाते. शेजारच्या सतरंजीवरचा मुलगा हैदराबादचा असतो, पलीकडचा बेळगावचा असतो. त्या दोघांना एकत्र येणारी बोली मराठीच. मग तिच्यात कुजबुज होते, भुताच्या गोष्टी होतात, ‘ताई’ आणि ‘दादा’ यांच्या नकला होतात. दिवसा खेळाच्या मैदानावरही हाच प्रकार. सात ठिकऱ्या एकावर एक रचून चेंडूने पाडावयाच्या त्या खेळाला बेळगावचा मुलगा लगोरी म्हणतो, इंदूरचा सितोलिया, वडोदऱ्याचा सतोडियुं. आम्ही पाहिलेल्या एका शिबिरात नावावरून निर्माण झालेला वाद खेळापेक्षा अधिक रंगला होता, आणि तो सबंध वाद मराठीत चालला होता. ‘तू येऊन राहिला आहेस का?’ असे इंदुरी वळणाचे वाक्य ऐकून पुण्याहून आलेल्या एका शिक्षिका ते सुधारण्यास सरसावल्या. सुदैवाने शिबिरप्रमुखांनी त्यांना खुणेनेच थांबविले. शुद्धलेखनाला वर्षाचे इतर महिने मोकळे आहेत.

साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरच्या काळात आंतरभारतीचे जे स्वप्न पाहिले, त्यात एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा आपलीशी करावी हा भाग होता. आपली मुले ती परभाषा जन्मापासून बोलतात. त्यांच्या बाबतीत उलटा प्रवास घडावयाचा आहे, आणि त्यासाठी चारपाच रात्री हाताशी असतात.

आता भीतीविषयी. घरची आठवण येणे हा आजार नव्हे. ती सर्वच मुलांना थोडीबहुत येते. या विषयाचा दीर्घ अभ्यास केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर थर्बर यांनी पालकांना दिलेला सल्ला ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ‘नाही आवडले तर लगेच घ्यायला येईन’ असे वचन मुलाला मुळीच देऊ नये. ते ऐकताच, आपल्याला हे जमणार नाही असे आईलाही वाटते, एवढेच मूल शिकते; आणि पहिल्या हुरहुरीबरोबर ते फोनची वाट पाहू लागते. त्यापेक्षा आधी दोनतीन वेळा मावशीकडे वा मैत्रिणीकडे एकट्याने निजण्याचा सराव द्यावा, शिबिराची निवड त्याच्याशी बोलून करावी, आणि आठवण आली तर कोणाला सांगावयाचे हे ठरवून द्यावे. बहुधा तिसऱ्या दिवसापर्यंत मन रमते. मात्र जे मूल जेवेनासे होते, निजेनासे होते, त्याला हट्टाने तेथेच ठेवणे हा शूरपणा नव्हे.

दुसरी भीती अधिक खरी आहे, आणि तिच्याबाबत आम्ही वाचकांस धीर देऊ इच्छीत नाही, सावध करू इच्छितो. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका मृत्यू पावल्या. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि पुष्कळांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उतरलेले, हैदराबादेतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. दोन्ही ठिकाणी काळ पाण्याच्या रूपाने आला, आणि दोन्ही ठिकाणी मोठी माणसे हजर होती. म्हणून शिबिरचालकांना पहिला प्रश्न पाण्याविषयी विचारावा. मुले नदीत, तलावात वा धरणाच्या खालच्या अंगास उतरणार आहेत काय? असल्यास पोहण्यात तरबेज असे किती जण काठावर उभे असतील? या प्रश्नाने जो चालक रागावतो, त्याच्याकडे मुलाला पाठवू नये.

त्यानंतरचे प्रश्न उन्हाचे. मे महिन्यात आपल्याकडील बहुतेक गावांत पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळात मैदानी कार्यक्रम ठेवणारे वेळापत्रक कितीही आकर्षक छापलेले असले, तरी बाजूला सारावे. पन्हे, ताक, मीठ-साखरेचे पाणी, जवळच्या दवाखान्याचे अंतर आणि रात्री-अपरात्री हाताशी असणारे वाहन, ही चौकशी प्रवेशशुल्काच्या आधी व्हावी.

मुलींच्या निवासाची व्यवस्था स्त्री-स्वयंसेविकांकडेच आहे ना, तसेच कोणताही प्रौढ एकट्याने एकट्या मुलाबरोबर खोलीत वा तंबूत राहणार नाही असा नियम आहे ना, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. असे प्रश्न विचारणे जुन्या पिढीला अभद्र वाटे. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा झाल्यानंतर तरी संकोचाचे कारण उरलेले नाही. मुलांनाही निघण्यापूर्वी सांगून ठेवावे, की तेथे ‘दादा’ म्हटले म्हणून सर्व काही ऐकलेच पाहिजे असे नाही.

खर्चाचे म्हणाल, तर हल्ली वातानुकूलित खोल्या आणि घोड्यावरील रपेट देणारी शिबिरे निघाली आहेत. ती वाईट नाहीत. पण त्यांत मुले ग्राहक होऊन जातात आणि ग्राहक होऊनच परततात. शाळेच्या ओस पडलेल्या इमारतीत, सतरंज्यांवर, आळीपाळीने वाढपी होऊन आणि स्वतःची ताटे घासून झालेले पाच रात्रींचे शिबिर आम्ही अधिक पसंत करू. मंडळांपाशी सभागृहे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, स्वयंपाकाची मोठी भांडीही आहेत. दोन शेजारच्या शहरांतील मंडळांनी एकत्र येऊन आलटून-पालटून यजमानपद घेतले, तर प्रवासखर्चाखेरीज फारसे ओझे पडू नये.

सामानाच्या यादीत मोबाईल नसावा. दोन जोड जुने कपडे, टोपी, विजेरी, पाण्याची बाटली, मुलाच्या नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, आणि घरचा पत्ता आपल्याच हाताने लिहिलेली चार पोस्टकार्डे द्यावीत. पहिल्या कार्डावर बहुधा ‘येथे डास आहेत, मला न्यायला या’ असे असते; आणि ते घरी पोहोचण्याच्या आधीच मूल परत आलेले असते, घसा बसलेला, गुडघे सोललेले, आणि आईला ठाऊक नसलेल्या चार मुलांची टोपणनावे घोकत.