फिरता शाफ्ट आणि थेंबभर पाणी

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचचं इंजिन आत असतं आणि पंखा बाहेर, पाण्यात. दोघांना जोडणारा शाफ्ट बोटीच्या अंगातून आरपार जातो. बोटीला मुद्दाम पाडलेलं भोक, त्यात सतत फिरणारा दांडा, आणि तरी समुद्र आत येता कामा नये!

यावरचा जुना उपाय ग्लँडचा. चरबी किंवा ग्रॅफाइट मुरवलेल्या चौकोनी दोरीची कडी कापून शाफ्टभोवती बसवायची आणि नट फिरवून ती दाबणारा ग्लँड आवळायचा. नवखा माणूस पाणी पूर्ण बंद होईपर्यंत आवळत सुटतो. मग दोरी कोरडी घासते, करपते, शाफ्टलाही चर पडते. शाफ्ट फिरत असताना ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळायलाच हवं. दोरीचं वंगण तेच. तळाशी साचलेलं पाणी उपसून टाकता येतं.

पेट्रोलच्या पंपाला मात्र असं ठिबकणं परवडत नाही. तिथे मेकॅनिकल सील लागतं. त्यात दोन कडी असतात: एक शाफ्टबरोबर फिरतं, दुसरं पंपाच्या कवचात स्थिर. एक बहुधा कार्बनचं, दुसरं सिलिकॉन कार्बाइडसारख्या कठीण पदार्थाचं. त्यांचे सपाट चेहरे समोरासमोर येतात आणि स्प्रिंग त्यांना दाबून धरते. कार्बन झिजला की तेवढीच स्प्रिंग पुढे सरकते. कडी जिथे बसवलेली असतात तिथली फट रबरी ओ-रिंग बुजवते.

खरी करामत त्या दोन चेहऱ्यांमध्ये आहे. ते इतके घासून सपाट केलेले असतात की त्यांच्यामध्ये द्रवाचा जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा थर मावतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. या थरावरच चेहरे तरंगत फिरतात. म्हणजे इथेही गळती असतेच, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. रिकामा पंप चालवला की हा थर नाहीसा होतो, चेहरे तापतात, तडकतात आणि सील गेलंच म्हणून समजा.

गाळही त्याचा वैरी. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याजवळ इतका गाळ असतो की लाँच लावणं अवघड होतं. असे बारीक कण चेहऱ्यांमध्ये शिरले तर ओरखडे पाडतात. बोटींसाठी रबरी भात्याची सीलं मिळतात, पण ती बदलायची तर बहुतेकदा बोट पाण्याबाहेर ओढावी लागते. दोरीचं तसं नाही, म्हणून तिला जुनाट म्हणून हिणवणं बरोबर नाही.

विषारी किंवा ज्वालाग्राही द्रव असेल तर एका सीलवर भिस्त ठेवत नाहीत. दोन सीलं लावून मधल्या जागेत पंपातल्यापेक्षा जास्त दाबाने निर्धोक द्रव भरतात. आतलं सील फुटलं तरी तो निर्धोक द्रवच आत शिरतो, आणि त्याच्या टाकीतली पातळी उतरलेली पाहून कामगारांना बिघाड कळतो.