समजून घ्या : वर्षानुवर्षे उभी असलेली स्पोर्ट्स कार बाहेर काढताय? आधी हे तपासा
मंगरूळपीर : नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' अनेकांना आठवत असेल. छत उघडणारी, पण आसने दोनच. घरात बाळ आले की अशी गाडी ताडपत्रीखाली जाते. मुले मार्गी लागली की ती पुन्हा खुणावते. मात्र चावी फिरवण्याआधी हे पाहा.

नोंदणी : खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची, नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मंगरूळपीरकरांना त्यासाठी वाशिमचे परिवहन कार्यालय (एमएच ३७) गाठावे लागते. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २० वर्षांवरील कारचे शुल्क १० हजार रुपये. पर्यावरण कर वेगळा. नोंदणी संपलेली असताना अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो.

टायर : बाजूवरचे चार अंक वाचा. '२३०८' म्हणजे २००८ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होते, पकड सुटते.

ब्रेक : ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. गरम झाल्यावर त्यात वाफ धरते आणि ऐनवेळी पेडल खाली जाते. ते आधी बदला.

पेट्रोल : टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका, इंधनाच्या रबरी नळ्या बदला.

रंगरंगोटी नंतरही होईल. पहिला खर्च गाडी थांबवणाऱ्या भागांवर करा. आता शेजारच्या आसनावर तुमचे मूल बसणार आहे.