गुमास्त्याचा वार

माझ्याकडे पत्र्याची एक लहानशी पाटी आहे. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत 'दुकान सोमवारी बंद राहील' एवढेच तिच्यावर लिहिलेले आहे. दहावीनंतर दोन वर्षे मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात नोकरी केली, त्या दुकानाची ही पाटी. पुढे दुकानाचे नूतनीकरण झाले तेव्हा ती भंगारात निघाली आणि मी ती मागून घेतली.

सोमवारी दुकानाच्या फळ्या खरोखरच लागलेल्या असत. मागचे दार मात्र उघडे असे. नागपूरहून आलेले गठ्ठे फोडायचे, थान मोजून मांडणीत लावायचे, उधारीच्या वहीतली बेरीज पाहायची, ही सगळी कामे सोमवारची. एकदा मी धीर करून म्हटले, "सेठ, आज सुट्टी हाय ना?" ते रागावले नाहीत, हसून म्हणाले, "दुकान बंद हाय रे बाबू, काम थोडीच बंद हाय!" गावात दुकान-निरीक्षक आल्याची खबर लागली की आम्हा तिघा पोरांना आतल्या खोलीत गप्प बसायला सांगत.

दुकाने रविवारी आणि सणासुदीला उघडी असावीत का, रात्री किती वाजेपर्यंत असावीत, ही चर्चा निघाली की मला ती पाटी आठवते. चर्चेत बोलतात ते दुकानदार, गिऱ्हाईक आणि सरकार. मागच्या दारातला माणूस त्यात बहुधा नसतो. त्याच्या बाजूने हा प्रश्न कसा दिसतो, एवढेच या लेखात तपासायचे आहे.

रविवार कुठून आला

आपल्याकडे रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली असे सरसकट बोलले जाते. कचेऱ्यांपुरते ते खरे आहे. मुंबईच्या गिरण्यांतला मजूर मात्र रविवारीही यंत्रे पुसायला जात होता. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याला एक सुट्टी ही तिची पहिल्या मागण्यांपैकी एक मागणी होती. १८९० च्या एप्रिलात मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली. तिच्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात, साप्ताहिक सुट्टीला जागा मिळाली.

लोखंडे यांनी रविवारच का मागितला? तो खंडोबाचा वार, हे कारण सांगितले जाते. मला त्यामागचे दुसरे कारण अधिक मोलाचे वाटते. त्यांना सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी हवी होती. एकेकट्याला कधीतरी मिळालेल्या सुट्टीत माणूस फार तर झोप काढेल. सगळे एकाच दिवशी मोकळे असतील तर सभा होते, लग्न ठरते, आजाऱ्याला भेटता येते, चार शहाणपणाच्या गोष्टी कानावर पडतात.

आमच्याकडचा वार वेगळा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा रविवार जसाच्या तसा लागू पडत नाही. इथला आठवडा बाजाराभोवती फिरतो. प्रत्येक मोठ्या गावाचा बाजारवार वेगळा असतो आणि तो आजूबाजूच्या गावांच्या वारांशी जुळवून ठरलेला असतो. कपडे, भांडी, मसाला, सुकी मासळी विकणारे फिरते व्यापारी आज या गावी, उद्या त्या गावी असे आठवडाभर फिरतात आणि जो वार रिकामा राहील त्या दिवशी नवा माल भरतात. तीच त्यांची सुट्टी.

आतल्या गावांतून माणसे मोह, चारोळी, हिरडा, डिंक घेऊन बाजाराला येतात. पैसे हाती आले की तेल, मीठ, मिरची, कापड आणि हल्ली मोबाईलचे रिचार्ज. ज्या गावचा बाजार रविवारी, तिथे रविवारी दुकान बंद ठेवा असे सांगणे म्हणजे दहा-पंधरा किलोमीटर चालत आलेल्या माणसाला रिकाम्या पिशवीने परत पाठवणे होय.

चंद्रपूरच्या खाणपट्ट्यात तिसराच प्रकार. कायद्याने खाणीत कोणालाही आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. पण खाणी पाळ्यांत चालतात. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी या भागांत रात्रपाळी करून सकाळी घरी निघालेल्या माणसाला दुकान त्या वेळी उघडे हवे असते.

सार्वजनिक सुट्ट्यांचेही तसेच. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते, मराठवाड्यातून हजारो भाविक येतात. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा असते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, त्याची आठवण म्हणून दरवर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर गर्दी लोटते. अशा दिवशी दुकाने बंद असणे कोणाच्याच सोयीचे नाही.

म्हणजे 'उघडे ठेवा' म्हणणाऱ्यांची बाजू इथे पक्की आहे, आणि ती मला मान्य आहे. पण विसावा ही शहरी किंवा विलायती चैन आहे असे कोणी म्हटले तर ते मला मान्य नाही. आमच्या शेतकऱ्याने अमावास्येला बैल जुंपला नाही. पोळ्याला तर बैलाचा मान माणसाच्या वर. माडिया गावांत नव्या फळाचा, नव्या धान्याचा पंडुम झाल्याशिवाय ते फळ किंवा धान्य कोणी तोंडात घालत नाही आणि पंडुमाचा दिवस पंचांग ठरवत नाही, गाव ठरवते. थांबायचे तर सर्वांनी मिळून थांबायचे, ही रीत इथे जुनीच आहे.

गडचिरोलीने दुसऱ्या प्रकारचे बंदही पाहिले. जुलैअखेरच्या आणि डिसेंबरातल्या नक्षल सप्ताहांत आतल्या भागातली दुकाने भीतीने बंद राहत. मग आली २०२० ची टाळेबंदी. त्या बंदमध्ये रोजंदारीच्या नोकराची चूल थंड होती. तेव्हा दुकान बंद म्हणजे नोकराला विसावा, हे समीकरणही सरळ नाही. माझ्या सेठने ते सोमवारी मागच्या दाराने शिकवलेच होते.

कायद्याची वाट

दुकानाच्या परवान्याला आपल्याकडे आजही 'गुमास्ता' म्हणतात. बँकेत चालू खाते उघडायला गेले की पहिला प्रश्न, "गुमास्ता आहे का?" गुमास्ता म्हणजे दुकानातला नेमलेला माणूस, कारकून, नोकर. कायदा त्याच्यासाठी झाला म्हणून कागदाला त्याचे नाव पडले. आता तो कागद मालकाचा झाला आणि नावाचा अर्थ कोणाला आठवत नाही.

दुकान-नोकरांसाठीचा देशातला पहिला कायदा मुंबई प्रांतात १९३९ मध्ये झाला. १९४२ मध्ये केंद्राने साप्ताहिक सुट्टीचा कायदा केला, तो लागू करायचा की नाही हे प्रांतांवर सोडले. चांदा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि त्या प्रांताने १९४७ मध्ये स्वतःचा कायदा केला. मुंबईचा सुधारित कायदा १९४८ चा. महाराष्ट्र झाल्यावर तोच विदर्भालाही लागू झाला आणि माझी पाटी त्याच कायद्याची. प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचे, तो वार मालकाने निरीक्षकाला कळवायचा आणि दुकानात ठळकपणे लावायचा. रोजंदारीवरच्या नोकराचाही त्या दिवसाचा रोज कापायचा नाही. हा कायदा ज्या गावांना लागू केला तेवढ्यांपुरताच होता. गडचिरोलीच्या आतल्या भागातल्या दुकानापर्यंत तो पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

१९ डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा आला. त्याने दुकानाला वर्षाचे ३६५ दिवस उघडे राहण्याची मुभा दिली. मद्यविक्रीसारखे काही धंदे त्यातून वगळले. नोकराला मात्र आठवड्यात सलग २४ तासांची सुट्टी, ती न दिल्यास दोन महिन्यांच्या आत बदली रजा आणि वर्षात आठ पगारी सणसुट्ट्या दिल्या. त्यांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले. कल्पना चांगली आहे. दुकानाची सुट्टी आणि माणसाची सुट्टी कायद्याने वेगळी केली. बाजारवाराच्या गावालाही ती सोयीची.

पण हे सगळे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना होते. त्याहून लहान दुकानाने आपली माहिती कळवली की झाले. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसपर्यंत नेण्याला आणि दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा करण्याला मंजुरी दिली. तालुक्याच्या गावी एका दुकानात वीस माणसे कामाला आहेत असे दृश्य वाचकाने डोळ्यांसमोर आणून पाहावे. मी तरी आमच्या बाजारपेठेत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो आणि मला दहा माणसांचे दुकानही सापडले नाही. दोन, तीन, फार तर पाच.

अशाच एका तयार कपड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला मी विचारले, "बाई, तुझा सुट्टीचा वार कोणता?" तिला प्रश्न कळलाच नाही. मी पुन्हा विचारल्यावर म्हणाली, "वार नाही जी काका. काम असलं घरी तर सांगून राहतो. मग त्या दिवसाचा रोज कापतात." सकाळी दहाला येते आणि रात्री नऊला घरी जाते. दुकान बाराही महिने उघडे.

बंद फळीचा उपयोग

जुन्या कायद्यातून पळवाटा काढता येत होत्या, हे मी स्वतः अनुभवले आहे. तरी त्याची एक बाजू मला उशिरा कळली. फळ्या लागल्या आहेत की नाहीत हे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. शेजारचा दुकानदार, गिऱ्हाईक, नोकराची आई, सगळेच निरीक्षक. सेठला मागचे दार वापरावे लागत होते आणि आम्हाला आतल्या खोलीत लपवावे लागत होते, याचाच अर्थ चोरी दिसण्याची भीती होती. आमचे अनेक सोमवार गेले, पण जे थोडे मिळाले ते त्या भीतीमुळे मिळाले.

दुकान रोज उघडे असले की सुट्टी हजेरीच्या कागदावर जाते आणि लहान दुकानात तो कागदही नाही. सर्वांना एक वार ठरलेला नसल्यामुळे प्रत्येकाने आपली सुट्टी एकट्याने मागायची. रोज कापला जाण्याच्या भीतीने ती मागितलीच जात नाही.

दुसऱ्या देशांनी हा गुंता वेगवेगळ्या प्रकारे सोडवला. जर्मनीत रविवारच्या विसाव्याला राज्यघटनेचेच संरक्षण आहे, त्यामुळे रविवारी दुकान उघडणे हा अपवाद. इंग्लंडने १९९४ मध्ये रविवार खुला केला, पण २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना फक्त सहा तास दिले. लहान दुकाने मोकळी सोडली, कारण मोठ्यांपुढे ती टिकावीत. शिवाय दुकानातल्या नोकराला रविवारी काम नाकारण्याचा हक्क दिला. तिथे लहान दुकानाला सूट आहे ती उघडे राहण्याची. आपल्याकडे लहान दुकानाला जी सूट मिळाली आहे ती नोकराला सुट्टी न देण्याची. या दोन गोष्टी एक नव्हेत.

पाटीपुरता कायदा

लहान दुकानदाराचा यावरचा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. "आमची मिळकत ती किती? वरून ऑनलाइनवाल्यांनी गिऱ्हाईक पळवलं. आता कागदपत्रं, रजिस्टर, निरीक्षक कुठून झेपणार?" आक्षेप खोटा नाही. दुकानदार स्वतःही सातही दिवस गल्ल्यावर बसलेला असतो. त्याच्यावर कागदांचा ढीग घालू नये हे मलाही पटते.

पण लहान दुकानापर्यंत कायदा पोचूच शकत नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. २०२२ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी, देवनागरी पाटी सक्तीची झाली. मराठीत लिहिणारा माणूस म्हणून मला तिचा आनंदच आहे. मात्र पाटीच्या अक्षरांसाठी जो कायदा दोन माणसांच्या दुकानापर्यंत आला, तो त्या पाटीखाली उभ्या असलेल्या माणसाच्या एका दिवसासाठी का येऊ नये?

त्याला रजिस्टर लागत नाही. दुकान हवे तितके दिवस, हव्या त्या वेळी उघडे राहो. नोकर एक असो की वीस, प्रत्येकाचा वार ठरलेला असावा, त्या दिवसाचा रोज कापू नये आणि तो वार दुकानात दिसेल असा लिहिलेला असावा. 'अमक्याचा वार मंगळवार, तमकीचा गुरुवार', एवढेच. फळीचे काम पाटी करील आणि येणाराजाणारा पुन्हा निरीक्षक होईल. जिथे व्यापाऱ्यांचे एकमत होईल तिथे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेने मिळून अर्धा दिवस तरी थांबावे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तसेही तुरळकच असते.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा दिवाळीची खरेदी सुरू असेल. दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतील आणि तशी ती असावीत. समोर साडी उलगडून दाखवणाऱ्या मुलीला फक्त विचारून पाहा, "बाई, तुझा वार कोणता?" तिने चटकन एखाद्या वाराचे नाव सांगितले तर त्या दुकानदाराचे मनापासून कौतुक करा. प्रश्नच कळला नाही असे दिसले, तर तिच्या मालकालाही तोच प्रश्न विचारा.