चित्रपटाची योग्यता कशांत असते?

दर वर्षीं हिंवाळ्याच्या अखेरीस मोठ्या पारितोषिकांसाठीं निवडलेल्या चित्रपटांच्या याद्या प्रसिद्ध होतात, आणि त्यांबरोबर घरोघरीं एक जुनाच वाद नव्यानें सुरू होतो. अमुक चित्रपट यादींत आला कसा, आणि तमुक राहिला कसा? वाद घालणाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या हातांत तीन मापें असतात. विषय थोर असला म्हणजे चित्रपट थोर, हें एक माप. डोळ्यांना पाणी आलें म्हणजे तो उत्तम, हें दुसरें. आणि चित्रगृहाबाहेर रांग लागली म्हणजे मग बोलावयासच नको, हें तिसरें. हीं तिन्ही मापें अगदींच टाकाऊ आहेत असें नाहीं. परंतु एकेकटें वापरलें असतां त्यांतील प्रत्येक फसवें ठरतें. तें कसें, हें पाहण्यासाठीं फार लांब जावयास नको. एकट्या सोलापूर जिल्ह्यानें चित्रसृष्टीस जे विषय आणि जे कलावंत दिले, त्यांच्यावरूनच या प्रश्नाचा पुष्कळसा उलगडा होतो.

प्रथम नामांकन म्हणजे काय, हें स्पष्ट केलें पाहिजे. पारितोषिक एकास मिळतें. नामांकन म्हणजे, या वर्षींच्या चित्रकलेचा हिशेब मांडतांना अमुक कृति वगळतां येणार नाहीं, अशी जाणत्यांनीं दिलेली कबुली. अमेरिकेंतील ऑस्कर पारितोषिकांत हें काम त्या त्या विद्येचेच लोक करतात. नटांचीं नांवें नट सुचवितात, संकलकांचीं संकलक, छायालेखकांचीं छायालेखक. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीं मात्र सर्वच सभासद मत देतात. परभाषीय चित्रपटांची रीत निराळी आहे. प्रत्येक देशानें एकच चित्रपट पाठवावयाचा, तो सलग सात दिवस तरी चित्रगृहांत चाललेला असावा, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीखेरीज अन्य भाषेंत असावेत. आलेल्यांतून सध्यां प्रथम पंधरा व मग पांच निवडले जातात. भारताचा तो एक चित्रपट फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था ठरविते. आपल्या राष्ट्रीय पारितोषिकांत नामांकनाची जाहीर यादी नसते. प्रादेशिक मंडळें शिफारस करतात व मध्यवर्ती मंडळ निकाल देतें. परीक्षकांचीं मंडळें हीं अखेर माणसांचींच असतात, हेंहि विसरतां कामा नये. फ्रान्समधील कान येथील महोत्सवानें १९४६ सालीं आपलें श्रेष्ठ पारितोषिक एकदम अकरा चित्रपटांस वांटून दिलें होतें. महायुद्ध नुकतें संपलें होतें. कोणाचेंच मन मोडूं नये असा विचार परीक्षकांनीं केला असावा.

त्या अकरांत चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' होता, आणि त्याच्या पटकथेंत ख्वाजा अहमद अब्बास यांचा हात होता. त्याच वर्षीं अब्बास यांच्याच पुस्तकावरून आणखी एक चित्रपट निघाला, व त्याचा नायक सोलापूरचा होता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला. १९३८ सालीं काँग्रेसनें चीनला पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून ते गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या ३२ व्या वर्षीं, तेथेंच निवर्तले. व्ही. शांताराम यांनीं 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला, कोटणिसांची भूमिका स्वतः केली, आणि त्यांच्या चिनी पत्नीची जयश्रीबाईंनीं. विषयाच्या थोरवीबद्दल शंका घेण्याचें कारणच नाहीं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशाला त्यागाचें एक उदाहरण देण्याचें काम त्या चित्रपटानें चोख बजावलें. परंतु त्यांतील चिनी मुलगी हिंदुस्थानींत बोलते, हिंदुस्थानींत गाते, आणि प्रेक्षकाला परक्या मुलखांत गेल्याचा अनुभव क्वचितच येतो. त्यांतील थोरपणा कोटणिसांच्या आयुष्यानें मिळविलेला आहे. चित्रपटानें तो उसना घेतला आहे. उलट, त्याच्या दहा वर्षें आधींचा प्रभातचा 'संत तुकाराम' पाहावा. विषय तितकाच थोर; पण दामले-फत्तेलाल यांनीं संताइतकेंच लक्ष जिजाईच्या त्राग्याकडे आणि तिच्या भुकेल्या मुलांकडे दिलें, आणि म्हणून त्यांतील भक्ति खरी वाटते. व्हेनिसच्या महोत्सवांत १९३७ सालीं त्याचा गौरव झाला तो मराठी न समजणाऱ्या परीक्षकांकडून.

आतां त्याच सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोंकाला, करमाळा तालुक्यांत, जावें. जेऊर हें तेथील पुणें-सोलापूर लोहमार्गावरील एक गांव. नागराज मंजुळे हे या जेऊरचे. घर वडार समाजाचें. प्रथम ते कवि म्हणून पुढें आले, आणि 'उन्हाच्या कटाविरुद्ध' या त्यांच्या संग्रहास सोलापूरचेंच भैरुरतन दमाणी पारितोषिक मिळालें. पुढें अहमदनगर येथें (आजचें अहिल्यानगर) शिकत असतां त्यांनीं 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, व दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटासाठीं असलेलें राष्ट्रीय पारितोषिक त्यास लाभलें. मग २०१३ सालीं महोत्सवांतून, आणि १४ फेब्रुवारी २०१४ पासून महाराष्ट्रांतील चित्रगृहांतून, त्यांचा 'फँड्री' लोकांपुढें आला.

फँड्री हा कैकाडी भाषेंतील शब्द असून त्याचा अर्थ डुक्कर. मराठी चित्रपटाला मराठींत न कळणारें नांव ठेवण्यांत हट्ट आहे, आणि तो योग्य हट्ट आहे. ज्यांच्या भाषेंतला हा शब्द, त्यांच्याच घरांतून ही गोष्ट पाहिली जाणार, असें नांवच बजावतें. मराठी, कन्नड, तेलुगु आणि उर्दू एकाच बोळांत ऐकणाऱ्या सोलापूरकराला त्याचें फारसें नवल वाटूं नये. नायक जब्या हा शाळकरी मुलगा. त्याला वर्गांतील वरच्या जातीची शालू आवडते. काळी चिमणी पकडून जाळावी व तिची राख मुलीवर टाकावी, म्हणजे ती वश होते, असें त्याच्या कानीं आलें आहे. म्हणून तो रानोमाळ चिमणीच्या मागें हिंडतो. कथा म्हणून सांगितली तर एवढीच. तिच्यांत युद्ध नाहीं, थोर पुरुष नाहीं, त्याग नाहीं.

तरीहि त्यांतील एका प्रसंगासाठीं हा चित्रपट कोणत्याहि यादींत बसावा. गांवांत डुकरांचा उपद्रव झाला आहे, आणि तीं पकडण्याचें काम जब्याच्या बापाकडे, कचरूकडे, येतें. शाळेच्या जवळच पाठलाग चालला आहे. वर्गांतल्या मुलांनीं आपल्याला या कामांत पाहूं नये म्हणून जब्या तोंड लपवीत आहे. डुक्कर अगदीं हातीं लागणार, इतक्यांत शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें. सारें कुटुंब जागच्या जागीं ताठ उभें राहतें. डुकराला राष्ट्रगीत ठाऊक नाहीं. तें निघून जातें. या ठिकाणीं चित्रगृहांत हंशा पिकतो, आणि दुसऱ्याच क्षणीं हंसणारा वरमतो. महाराष्ट्रांतील चित्रगृहांत खेळापूर्वीं राष्ट्रगीत लावण्याची प्रथा होती; म्हणजे थोड्याच वेळापूर्वीं हाच प्रेक्षक, असाच ताठ, उभा राहिलेला होता. राष्ट्रगीतापुढें कचरू आणि तो समान झाले होते. तें संपल्यावर मात्र तो गादीच्या खुर्चींत बसला, आणि कचरू पुन्हा डुकरामागें धांवूं लागला. पात्रांच्या तोंडीं एकहि संवाद न घालतां हें सांगितलें गेलें आहे. निश्चल माणसें आणि चालतें जनावर यांच्या विरोधावर उभारलेला हा प्रसंग कागदावर वर्णन करतां येतो, रंगभूमीवर कदाचित् करून दाखवितां येईल. परंतु त्याचा पुरता अर्थ पडद्यावरच उमटतो. चित्रपटाच्या योग्यतेची पहिली खूण हीच मानावी : जें सांगावयाचें तें सांगण्यास याच कलेची गरज होती काय?

पुढें पकडलेलें डुक्कर काठीला टांगून जब्या आणि घरचीं माणसें घेऊन जातात, तेव्हां मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, फुले, गाडगेबाबा यांचीं चित्रें दिसतात. तीं पाहा असें कोणी सांगत नाहीं. सामान्य दिग्दर्शकानें येथें बांसरी वाजविली असती, किंवा मास्तरांच्या तोंडीं एखादें भाषण घातलें असतें. अखेर चिडविणाऱ्यावर जब्यानें भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेनें येतो, आणि पडदा काळा होतो. तोंवर प्रेक्षक आपण जब्याच्या बाजूचे आहों अशा समजुतींत बसलेला असतो. दगडानें त्याची जागा बदलते. तिकीट काढून आलेल्या माणसाला असें वागविणें धाडसाचें आहे, आणि हें धाडस शेवटच्या क्षणीं सुचलेलें नसून पहिल्या दृश्यापासून त्याची तयारी चाललेली असते.

अभिनयाविषयीं एक गोष्ट नमूद केली पाहिजे. किशोर कदम हे मुरलेले नट व कवि. जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा करमाळा भागांतला, पूर्वीं कधीं कॅमेऱ्यापुढें उभा न राहिलेला मुलगा. बापलेकांच्या प्रसंगांत शिकलेला कोण व न शिकलेला कोण हें ओळखूं येत नाहीं. याचें श्रेय थोडें मुलाचें, बरेंचसें दिग्दर्शकाचें, आणि कांहीं अंशीं आपलें शिकलेपण लपवून मुलाच्या पातळीवर उतरणाऱ्या कदमांचें. त्या वर्षींच्या राष्ट्रीय पारितोषिकांत दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा मान 'फँड्री'ला मिळाला, आणि बालकलाकाराच्या पारितोषिकांत सोमनाथ वांटेकरी झाला.

डोळ्यांतील पाण्याचें माप 'श्वास'वरून तपासतां येतें. कर्करोगानें डोळे गमावणार असलेला नातू व त्याचा आजा, एवढ्या सामग्रीवर कोणालाहि प्रेक्षकांस रडवितां आलें असतें. संदीप सावंत यांनीं तो मोह टाळला. शस्त्रक्रियेपूर्वीं आजा मुलाला रुग्णालयांतून बाहेर काढून एक दिवस जग दाखवितो, आणि चित्रपट दुःखापेक्षां त्या पाहण्याकडे अधिक लक्ष देतो. त्यास २००३ सालच्या चित्रपटांतील सुवर्णकमळ मिळालें व २००४ सालीं भारतातर्फे तो ऑस्करसाठीं गेला. परंतु तेथें पाठविणें म्हणजे पेटी टपालांत टाकणें नव्हे. अमेरिकेंत खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात, मतदारांपर्यंत पोंचावें लागतें; 'श्वास'च्या निर्मात्यांस त्यासाठीं लोकवर्गणी गोळा करावी लागली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ सालीं व्हेनिस येथें 'ओरिझाँटी' विभागाचें पहिलें पारितोषिक, मागाहून सुवर्णकमळ, आणि २०१५ सालीं भारताची निवड, असें सारें लाभूनहि अखेरच्या पांचांत स्थान मिळालें नाहीं. २०२४ पर्यंत भारताच्या वतीनें त्या पांचांत पोंचलेले चित्रपट तीनच : 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. तेव्हां यादींत नांव नसणें हा नालायकीचा दाखला समजूं नये. तेथवर पोंचण्याची वाट योग्यतेइतकीच पैशाचीहि आहे.

राहिलें रांगेचें माप. मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजीं प्रदर्शित झाला आणि तोंपर्यंतच्या कोणत्याहि मराठी चित्रपटाला न मिळालेलें उत्पन्न त्याला मिळालें. पुष्कळ सुशिक्षितांनीं तेवढ्यावरूनच नाक मुरडलें. नाचगाण्यांच्या चित्रपटाला कसली आली योग्यता! वस्तुतः रांगा लागण्यापूर्वींच, त्या वर्षींच्या फेब्रुवारींत, बर्लिनच्या महोत्सवांत तो तरुणांसाठींच्या विभागांत दाखविला गेला होता, आणि आर्ची झालेल्या अकलूजच्या रिंकू राजगुरू हिला राष्ट्रीय पारितोषिकांत विशेष उल्लेखाचा मानहि मिळालेला होता. ऑस्करसाठीं त्या वर्षीं भारतानें तमिळ 'विसारणै' पाठविला, आणि ती निवड वाईट होती असें म्हणवत नाहीं.

'सैराट'च्या बाबतींत दैवयोगानें एक प्रयोगच घडून आला आहे. २०१८ सालीं तीच कथा 'धडक' या नांवानें हिंदींत काढण्यांत आली. पाटलाची मुलगी आणि मासेमाराचा मुलगा यांच्याऐवजीं उदयपूरचें राजघराण्यासारखें कुटुंब व हॉटेलवाल्याचा मुलगा आला. अजय-अतुल यांच्या चाली राहिल्या, पळून जाणें राहिलें, शेवटचा घातहि राहिला. पण मूळ चित्रपटांत प्रत्येक वाक्यामागें उभी असलेली जात एखाद्या उल्लेखापुरती उरली. दोन श्रीमंत-गरीब प्रेमिकांची, पूर्वीं शंभरदां पाहिलेली गोष्ट तेवढी शिल्लक राहिली. करमाळ्याच्या परिसरांतील उसाचे फड, विहिरी, आणि वर्गांत नव्या मास्तरांस थोबाडींत मारणारा पाटलाचा मुलगा हें त्या कथेचें केवळ नेपथ्य नव्हतें, हें 'धडक' पाहिल्यावर कळतें.

शेवटाचा फरक तर मुद्दाम लक्षांत घेण्यासारखा आहे. 'सैराट'च्या पूर्वार्धांत अमेरिकेंत मुद्रित केलेला भव्य वाद्यवृंद घुमतो. उत्तरार्धांत, हैदराबादेच्या झोपडपट्टींत, संगीत विरळ होत जातें. कित्येक प्रेक्षकांना हा भाग लांबला असें वाटलें, आणि थोडा लांबला आहेहि. माहेरचीं माणसें आहेर घेऊन येतात. आर्ची त्यांच्यासाठीं चहा करते. मग शेजारणीकडे गेलेलें लहान मूल तिचें बोट धरून दाराशीं परततें, आंत जातें, पाहतें, आणि रडत रडत बाहेर चालूं लागतें. त्याच्या पावलांचे तांबडे ठसे फरशीवर उमटत जातात, आणि या साऱ्या वेळांत पडद्यावरून कसलाच आवाज येत नाहीं.